खासदारांनी आश्रय धोरणावर नेमकं कसं मत दिलं, हे नोंदींतून कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही ब्रिटनमध्ये राहता आणि राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत तुम्हाला मत आहे. तुमच्या खासदारांच्या नावापुढे एका संकेतस्थळावर ‘आश्रय व्यवस्था अधिक कडक करण्याच्या बाजूनं साधारणपणे मतदान’ अशी एक ओळ आहे. त्यांचं सभागृहातलं भाषण मात्र तुम्हाला बरंच मवाळ वाटलं. शिवाय रवांडा विधेयकावरच्या (आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याच्या विधेयकावरच्या) १२ डिसेंबर २०२३ च्या मतदानात त्यांचं नाव होकारातही नाही आणि नकारातही नाही. मग त्यांना कुठल्या बाजूचं धरायचं?

ती एक ओळ खोटी नसते. पण ती बऱ्याच मतांची बेरीज असते, आणि बेरजेत प्रत्येक मतामागचा प्रश्न गळून पडतो. खासदार ‘आश्रय’ या विषयावर कधीच मत देत नाही. त्या रात्री अध्यक्षांनी सभागृहापुढे वाचून दाखवलेल्या एका वाक्यावर तो मत देतो. म्हणून मी नेहमी आधी ते वाक्य शोधतो आणि मग नाव बघतो. हा क्रम उलटा झाला की चांगला अभ्यासू माणूसही चुकीचा निष्कर्ष काढतो.

तुमचे खासदार कोण, कधी निवडून आले आणि त्या वेळी त्यांचा पक्ष सत्तेत होता की विरोधात, यावर बरंच काही अवलंबून आहे. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्या शक्यता धरून सांगतो.

सुरुवात तारखेपासून करा. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत ६५० पैकी ३३५ खासदार पहिल्यांदाच निवडून आले. तुमचे खासदार त्यांतले असतील तर २०२२ (राष्ट्रीयत्व आणि सीमा), २०२३ (बेकायदा स्थलांतर) आणि २०२४ (रवांडा) च्या तिन्ही मोठ्या कायद्यांवर त्यांचं मत असूच शकत नाही. (१२ डिसेंबरला नाव नसण्याचं कारण इतकं साधंही असू शकतं.) त्याच निवडणुकीपासून मतदारसंघांच्या सीमाही बदलल्या, त्यामुळे जुनी नोंद बघताना ती याच व्यक्तीची आहे ना, एवढी खात्री करा. मतदारसंघाच्या नावावरून शोधलं की हमखास घोळ होतो, व्यक्तीच्या नावावरून शोधा.

आता मतविभाजन कसं होतं ते थोडक्यात. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात, सभागृहातून ‘आय’ आणि ‘नो’ असे आवाज येतात. एकच बाजू ओरडली तर आवाजी मतदानानं विषय संपतो आणि कुणाचंही नाव कुठंही नोंदलं जात नाही. दोन्ही बाजू अडून बसल्या तर घंटा वाजतात, आणि आठ मिनिटांनी दोन्ही लॉब्यांची, म्हणजे मत द्यायच्या दालनांची, दारं बंद होतात. त्याआधी होकाराच्या किंवा नकाराच्या लॉबीत जो शिरला त्याचं मत धरलं जातं. नावं ‘हॅन्सार्ड’मध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात छापली जातात आणि संसदेच्या स्वतःच्या मतनोंदींच्या संकेतस्थळावरही येतात. प्रत्येक बाजूला दोन मतगणक असतात. त्यांची नावं यादीखाली वेगळी येतात आणि आकड्यांत धरली जात नाहीत, पण मतगणक त्या बाजूचाच माणूस असतो. तुमचे खासदार मतगणक असतील तर ते मत दिल्यासारखंच समजा. अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष मत देत नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे खासदार शपथच घेत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत कुठेच सापडणार नाही.

सगळ्यात जास्त चुका कुठे होतात ते एका उदाहरणानं दाखवतो. २०१६ साली इमिग्रेशन विधेयकात लॉर्ड्सनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, ८७ क्रमांकाची दुरुस्ती घातली. युरोपात एकट्या पडलेल्या ३,००० निर्वासित मुलांना ब्रिटननं आणावं, असं ती सांगत होती. ती मांडणारे लॉर्ड आल्फ डब्स स्वतः लहानपणी किंडरट्रान्सपोर्टच्या गाडीनं नाझींपासून वाचून ब्रिटनला आलेले. २५ एप्रिल २०१६ ला विषय कॉमन्समध्ये, म्हणजे खासदारांच्या सभागृहात, आला. मतदान झालं, होकार २९४, नकार २७६. यादीत एखाद्याचं नाव होकारात दिसलं की वाटतं, यानं मुलांच्या बाजूनं मत दिलं. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. सभागृहापुढचं वाक्य होतं, ‘हे सभागृह लॉर्ड्सच्या दुरुस्तीशी असहमत आहे.’ म्हणजे होकार देणाऱ्या २९४ जणांनी दुरुस्ती फेटाळली आणि नकार देणारे २७६ जण मुलांना आणावं असं म्हणत होते.

लॉर्ड्सकडून विधेयक परत आलं की मतविभाजनापर्यंत गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रस्ताव असाच उलटा असतो, कारण तो सरकार मांडतं आणि सरकारला ती दुरुस्ती नको असते. त्यामुळे तारखेशेजारी ‘लॉर्ड्स दुरुस्ती’ असे शब्द दिसले की थांबायचं, हॅन्सार्डचं ते पान उघडायचं आणि मतविभाजनाच्या लगेच वर छापलेलं वाक्य शब्दशः वाचायचं. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतो आणि त्याखाली ‘होकार म्हणजे काय’ हे एका ओळीत मराठीत लिहितो. एवढ्यानं निम्म्या चुका टळतात. डब्स दुरुस्तीबद्दल पुढचंही जाणून ठेवा: काही दिवसांतच ३,००० चा आकडा काढून ‘ठरावीक संख्या’ अशी सुधारित दुरुस्ती आली आणि ती सरकारनं स्वीकारली. तेव्हा एप्रिलच्या एका रात्रीवरून एखाद्या खासदाराला कायमचा ‘मुलांच्या विरोधातला’ ठरवणं मला बरोबर वाटत नाही. पण त्या रात्री त्यानं काय केलं ते त्याच्या नावावर राहतंच, तेही पुसू नये.

असाच उलटेपणा दुसऱ्या वाचनाच्या वेळीही असतो. दुसरं वाचन म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावरचं मत. त्याआधी विरोधी पक्ष बहुतेक वेळा कारणांसहित एक दुरुस्ती मांडतो, ‘या कारणांसाठी सभागृह या विधेयकाचं दुसरं वाचन करायला नकार देतं.’ इथे होकार म्हणजे विधेयकाला विरोध. ती पडली की काही मिनिटांतच मूळ प्रश्नावर मतदान होतं आणि तिथे होकार म्हणजे पाठिंबा. एकाच रात्री एकाच खासदाराच्या नावावर एक होकार आणि एक नकार दिसतो, आणि दोन्हींचा अर्थ एकच असतो.

तुमच्या खासदारांच्या रात्रीचं कोडं इथेच सुटतं. १२ डिसेंबर २०२३ ला मजूर पक्षाची अशी दुरुस्ती ३३७ विरुद्ध २६९ मतांनी पडली. लगेच दुसऱ्या वाचनाचं मतदान झालं आणि विधेयक ३१३ विरुद्ध २६९ नं पुढं गेलं. विरोधकांचा आकडा दोन्ही वेळा २६९. सरकारी बाजूचा मात्र ३३७ वरून ३१३ वर आला. विधेयक पाडायचं नाही म्हणून पहिल्या मतदानात सरकारबरोबर राहायचं आणि दुसऱ्या वेळी लॉबीत जायचंच नाही, असं हुजूर पक्षातल्या काही जणांनी ठरवलं होतं, त्याचा हा परिणाम. म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. तुमच्या खासदारांचं नाव पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, तर ते इमारतीत हजर होते आणि बहुधा जाणूनबुजून तटस्थ राहिले. दोन्ही याद्यांत नाव नसेल तर ते गावाबाहेर, आजारी किंवा पक्षाच्या परवानगीनं गैरहजर असण्याची शक्यता जास्त.

तटस्थ राहिले म्हणजे मवाळ, असं मात्र लगेच धरू नका. त्या रात्री तटस्थ राहणाऱ्यांतल्या अनेकांचा आक्षेप विधेयक पुरेसं कडक नाही असाच होता. हे तपासायला पुढच्या महिन्यात या. १६ आणि १७ जानेवारी २०२४ ला हुजूर पक्षाच्याच बिल कॅश आणि रॉबर्ट जेनरिक यांनी विधेयक आणखी कडक करणाऱ्या दुरुस्त्या मांडल्या. त्यांना हुजूर पक्षाच्या सुमारे ६० खासदारांनी साथ दिली. ली अँडरसन यांनी तर त्यासाठी पक्षाचं उपाध्यक्षपद सोडलं. १७ जानेवारीला तिसऱ्या वाचनात, म्हणजे कॉमन्समधल्या शेवटच्या मतदानात, विधेयक ३२० विरुद्ध २७६ नं मंजूर झालं, आणि नकाराच्या २७६ मध्ये हुजूर पक्षाचे ११ जण होते, जेनरिक आणि माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन धरून. मजूर पक्षाचा खासदार आणि ब्रेव्हरमन त्या रात्री एकाच लॉबीतून गेले. एकाला हे विधेयक नकोच होतं, दुसरीला याहून कठोर हवं होतं. नुसती यादी बघून हा फरक कधीच कळणार नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्या. जेनरिक यांच्या दुरुस्तीवर सरकार आणि मजूर पक्ष दोघंही नकाराच्या बाजूला होते, पाचशेहून अधिक मतं. त्यामुळे तिथला नकार तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही, होकार मात्र पुष्कळ सांगतो. कुठल्याही मतविभाजनात लहान बाजू बघायची, माहिती तिथे असते.

२०२५ च्या सीमा सुरक्षा, आश्रय आणि इमिग्रेशन विधेयकात चित्र पुन्हा फिरलं, कारण आता सरकार मजूर पक्षाचं होतं. त्यात रवांडा कायदा रद्द करण्याची आणि २०२३ च्या कायद्याचा बराचसा भाग काढून टाकण्याची तरतूद होती, आणि त्याच विधेयकात मानवी तस्करी करणाऱ्यांविरुद्ध नवे गुन्हे आणि अधिकारही होते. १० फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या वाचनात विरोध मुख्यतः हुजूर पक्षाचा होता, आणि तो जुने कडक कायदे रद्द होऊ नयेत म्हणून होता. २०२३ मध्ये ‘विरोधात’ म्हणजे बहुतेकदा मवाळ बाजू, २०२५ मध्ये ‘विरोधात’ म्हणजे बहुतेकदा कडक बाजू. आणि पाठिंबा देणाऱ्यालाही सरळ ‘मवाळ’ म्हणता येत नाही, कारण विधेयकात दोन्ही दिशांची कलमं होती. इथे मी वहीत ‘मिश्र’ असं लिहितो आणि कलमवार दुरुस्त्यांवरची मतं बघतो.

आता त्या एका ओळीकडे वळू. ‘दे वर्क फॉर यू’ हे मायसोसायटी या धर्मादाय संस्थेचं संकेतस्थळ बहुतेक लोक बघतात आणि ते प्रामाणिकपणे चालवलेलं आहे. ‘सातत्यानं’, ‘जवळजवळ नेहमी’, ‘साधारणपणे’ हे तिथले शब्द काही ठरावीक मतविभाजनांवरून काढलेले असतात, आणि ती मतविभाजनं कोणती हे त्या ओळीखालीच उघडून बघता येतं. ते उघडल्याशिवाय ओळ कुणाला पाठवू नका. कुठलंही संकेतस्थळ असो, दोन गोष्टी तपासा: यादीत किती मतं आहेत आणि ती किती वेगवेगळ्या दिवसांची आहेत. ११ जुलै २०२३ ला बेकायदा स्थलांतर विधेयकावर लॉर्ड्सच्या दुरुस्त्या फेटाळताना एका संध्याकाळी ओळीनं १८ मतविभाजनं झाली. पक्षाबरोबर लॉबीत फेऱ्या मारणाऱ्याच्या नावावर १८ मतं जमा झाली, पण निर्णय एकच होता. तुम्ही स्वतः टक्केवारी काढत असाल तर अशी संध्याकाळ एकच धरा, नाहीतर एका दिवसाचं वजन पाच वर्षांवर पडेल.

याला जोडून पक्षादेश. प्रत्येक आठवड्याला प्रतोद खासदारांना कामकाजाचा कागद पाठवतात. त्यात एखाद्या विषयाखाली तीन रेघा असल्या तर हजर राहून पक्षाच्या बाजूनं मत द्यायचंच. आश्रयावरच्या मोठ्या विधेयकांना असाच आदेश असतो. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये जागा जात नाही, पक्ष फार तर संसदीय गटातून काढतो. जुलै २०२४ मध्ये मुलांच्या भत्त्यावरच्या मर्यादेच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून मजूर पक्षाच्या सात खासदारांना सहा महिन्यांसाठी असंच बाहेर काढलं होतं. मुद्दा इतकाच की पक्षाबरोबर दिलेल्या मतातून पक्षाचं धोरण कळतं, माणूस फारसा कळत नाही. पक्ष सोडून दिलेलं एक मत दहा आज्ञाधारक मतांपेक्षा जास्त बोलतं. पण म्हणून आज्ञाधारक मताची जबाबदारी कमी होते असं मी मानत नाही. कायदा त्याच मतांनी होतो, आणि त्या कायद्याखाली येणाऱ्या माणसाला खासदाराच्या मनात काय होतं यानं काही फरक पडत नाही.

गैरहजेरीबद्दल आणखी थोडं, कारण यावरून खासदारांवर फार अन्याय होतो. कॉमन्समध्ये ‘तटस्थ’ अशी नोंदच नाही. काही जण मुद्दाम दोन्ही लॉब्यांतून जातात, तेव्हा नाव दोन्ही याद्यांत दिसतं. ती छपाईची चूक समजू नका, तो तटस्थपणाचा एक मार्ग आहे. दोन पक्षांचे प्रतोद आपापला एकेक खासदार परस्पर संमतीनं मोकळा करतात, त्या जोडीची नोंद कुठेही होत नाही. बाळंतपणाच्या काळात आणि पुढे गंभीर आजारातही बदली मताची सोय झाली आहे, आणि ते मत कुणामार्फत दिलं हे यादीत लिहिलेलं असतं. ते पूर्ण मत धरा. शुक्रवारच्या खासगी विधेयकांना बहुतेक खासदार आपापल्या मतदारसंघात असतात. १६ मार्च २०१८ ला निर्वासितांच्या कुटुंबांना एकत्र आणण्याचं अँगस मॅकनील यांचं विधेयक १२९ विरुद्ध ४२ नं दुसऱ्या वाचनात मंजूर झालं. ६५० पैकी जेमतेम १७१ मतं. त्या दिवशी नाव नसण्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही, पण कामं सोडून तिथे थांबलेल्या १७१ जणांचं मत मात्र मोलाचं आहे. पुढे सरकारनं खर्चाचा ठराव मांडलाच नाही आणि विधेयक तिथेच अडकलं.

आणि काही गोष्टींवर मत नसतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्वासितांच्या कुटुंबीयांसाठीचे नवे अर्ज थांबवले गेले, ते इमिग्रेशन नियमांत बदल मांडून. विधेयक नाही, त्यामुळे दुसरं-तिसरं वाचन नाही. अशा बाबतीत खासदारांची भूमिका शोधायची तर त्यांनी विचारलेले लेखी प्रश्न आणि चर्चेतली भाषणं बघावी लागतात. विधेयक छोट्या समितीकडे गेलं तर त्या टप्प्यावर फक्त समितीचे सदस्यच मत देतात (रवांडा विधेयकासारखी काही विधेयकं मात्र त्या टप्प्यावरही पूर्ण सभागृहापुढे येतात), त्यामुळे छोट्या समितीच्या यादीत तुमचे खासदार नाहीत याची काळजी करू नका. ज्या दिवशी चर्चेचा विषय विरोधी पक्ष ठरवतो, त्या ‘विरोधी पक्षाच्या दिवशी’ मंजूर झालेले ठराव सरकारवर बंधनकारक नसतात. मी ते वाचतो, पण कायद्याच्या मताइतकं वजन देत नाही.

हाताशी एक तास असेल तर एवढंच करा. एका कागदावर ही मतविभाजनं लिहा: २०२१ सालचं राष्ट्रीयत्व आणि सीमा विधेयकाचं दुसरं वाचन (२० जुलै, ३६६ विरुद्ध २६५), त्याच विधेयकावर लॉर्ड्सकडून आलेल्या दुरुस्त्यांचा २२ मार्च २०२२ चा दिवस, बेकायदा स्थलांतर विधेयकाचं दुसरं वाचन (१३ मार्च २०२३, ३१२ विरुद्ध २५०), मग ११ जुलै २०२३, १२ डिसेंबर २०२३, १६-१७ जानेवारी २०२४ आणि १० फेब्रुवारी २०२५. प्रत्येकापुढे चार गोष्टी भरा: सभागृहापुढचं वाक्य, तुमच्या खासदारांचं मत, त्यांच्या पक्षातल्या बहुसंख्यांचं मत, आणि त्या दिवशी ते बोलले असतील तर भाषणातलं एक वाक्य. २२ मार्च २०२२ चा दिवस मी मुद्दाम घातला आहे. आश्रयाचा अर्ज सहा महिने प्रलंबित राहिला तर अर्जदाराला काम करायची परवानगी द्यावी, ही लॉर्ड्सची दुरुस्ती त्या दिवशी फेटाळली गेली. तत्कालीन नियमात बारा महिने थांबावं लागे, तेही कामगारांचा तुटवडा असलेल्या ठरावीक व्यवसायांसाठीच. या एका मतावरून खासदार आश्रयार्थीकडे माणूस म्हणून कसं बघतात, हे मला मोठ्या विधेयकापेक्षा जास्त कळतं.

भाषण आणि मत जुळत नसेल, जसं तुमच्या बाबतीत दिसतंय, तर भाषण पूर्ण वाचा. ‘मला चिंता आहे, पण मंत्र्यांनी आश्वासन दिलंय म्हणून मी आज पाठिंबा देतो’ अशी रचना फार वेळा येते. मग ते आश्वासन काय होतं आणि पुढच्या टप्प्यावर ते पाळलं गेलं नाही तेव्हा खासदारांनी काय केलं, हे शोधा. मवाळ भाषण खरं होतं की नाही, याची परीक्षा त्या पुढच्या मतात होते.

एवढं करूनही १२ डिसेंबरचं उत्तर सापडलं नाही तर सरळ पत्र लिहा. पत्रात तुमचा पूर्ण पत्ता पिनकोडसह द्या, कारण खासदार आपल्याच मतदारसंघातल्या माणसाला उत्तर देण्याची प्रथा पाळतात आणि पत्ता नसला की पत्र बाजूला पडतं. ‘आश्रय धोरणावर तुमची भूमिका काय’ असं विचारू नका, पक्षाचा छापील मजकूर येईल. तारीख, विधेयकाचं नाव आणि मतविभाजनाचा क्रमांक लिहून एकच प्रश्न विचारा: ‘त्या संध्याकाळी पहिल्या मतविभाजनात तुमचं नाव आहे, दुसऱ्यात नाही. तुम्ही जाणीवपूर्वक तटस्थ राहिलात का, आणि असल्यास विधेयक जास्त कडक वाटलं म्हणून की कमी?’ दोन्ही याद्यांत नाव नसेल तर प्रश्न बदला: त्या रात्री हजर असता तर दुसऱ्या वाचनात कोणत्या लॉबीत गेला असता? काही आठवड्यांत उत्तर आलं नाही तर तीच तारीख आणि तोच क्रमांक घेऊन मतदारसंघातल्या त्यांच्या भेटीच्या वेळेत जा, आणि तुमचा भरलेला कागद बरोबर न्या.